अनेस्थेशिया टेक्निशियन ते भूलतज्ज्ञ : असा रस्ता खरंच आहे का?

मृण्मयी_हडपसर

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये अनेस्थेशिया टेक्निशियन आहे. बारावीला पीसीबी होतं, नीटमध्ये काही जमलं नाही, आणि ड्रॉप घेऊन कोचिंग लावण्याची घरची ऐपत नव्हती. म्हणून याच कामाच्या बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. तेव्हा तिथल्या समुपदेशन करणाऱ्या सरांनी बाबांना समोर बसवून सांगितलं होतं, "आधी टेक्निशियन, मग अनुभव, मग अनेस्थेटिस्ट. काळजीच करू नका." बाबांनी ते गावभर सांगितलं. आता दिवाळीला इंदापूरला गेले की पारावरची मंडळी विचारतात, डॉक्टर कधी होणार?

काम मला आवडतं, हे आधीच सांगते. सकाळी ऑपरेशनची लिस्ट सुरू व्हायच्या आधी मशीन चेक करणं, सर्किटचा लीक बघणं, सोडा लाइमचा रंग बदललाय का ते पाहणं, सक्शन, लॅरिंगोस्कोपचा दिवा, ट्यूबचे तीन साइझ, सगळं जागेवर लावणं. इंडक्शनला, म्हणजे पेशंटला भूल चढवताना, भूलतज्ज्ञ मॅडमच्या शेजारी उभं राहणं. आता बऱ्याचदा मॅडमनी हात पुढे करायच्या आधी मला कळतं की बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी) लागणार आहे.

पण प्रश्न तोच. हा अनुभव पुढे कुठे मोजला जातो का? एखादा ब्रिज कोर्स, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, असं काही? परदेशात असतं असं एक मैत्रीण म्हणाली. वय २४ आहे. खरं काय ते सांगा, गोड नको.

ओटी_नंबर_४

गोड नको म्हणालीस म्हणून थेट लिहितो. नाही. असा रस्ता भारतात नाही.

भूलतज्ज्ञ व्हायचं तर आधी एमबीबीएस, म्हणजे साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट पीजी. मग तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांचा डिप्लोमा. या सगळ्याचं दार एकच, नीट यूजी. तुझी बी.एस्सी. आणि ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) वर्षं त्या दारात शून्य धरली जातात. सूट नाही, वेगळा कोटा नाही, मधूनच चढायची सोय नाही.

मी स्वतः या कामात केस पांढरे केलेत. दरवर्षी नवीन पोरं येतात आणि त्यातल्या निम्म्यांना कुणीतरी हेच सांगून पाठवलेलं असतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीला आलेली पोरंही हाच प्रश्न विचारतात. चांगला अभ्यासक्रम आहे, नोकरी मिळते, पण तो डॉक्टरकीचा जिना नव्हे.

सदाशिवपेठी_पाटी

प्रवेशाच्या हंगामात असले 'समुपदेशक' भेळवाल्यांपेक्षा जास्त असतात शहरात. त्यांचं काम जागा भरणं. "पुढे होता येतं" या वाक्यात खोटं काहीच नाही म्हणा. कंडक्टरलाही पुढे वैमानिक होता येतं, कायद्याने कुणी अडवलेलं नाही. पीएमपीचा अनुभव मात्र धरत नाहीत.

कोथरूडची_काकू

पाटीसाहेब, पोरगी पोटतिडकीने विचारतेय, तिथे टोमणे कशाला?

मृण्मयी, माझ्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी एक मुलगी होती. माझी दातांची कवळी तिनेच लक्षात ठेवून काढायला लावली आणि डबीवर नाव लिहून ठेवली. ती कोण हे मला आज या धाग्यावर कळलं. बाकी माहिती जाणकार देतीलच.

निखिल_वाकड

मी वेगळं मत मांडतो. आमच्या चुलतभावाचं छोटं हॉस्पिटल आहे. तिथला टेक्निशियन श्वासनळीत ट्यूब टाकतो, कमरेतून भूल द्यायची सगळी तयारी करतो, औषधं त्याला तोंडपाठ आहेत. डॉक्टर येतात, सही करतात, पुढच्या हॉस्पिटलला जातात. मग अशा अनुभवी माणसाला दोन वर्षांचा कोर्स देऊन परवानगी द्यायला काय हरकत आहे? देशात भूलतज्ज्ञ कमी आहेत असं आपणच ओरडतो ना?

डॉ_भुलक्कड

निखिल यांचा प्रतिसाद वाचून जेवण अर्धवट टाकून लॉगिन केलंय.

मी पुण्यात फ्रीलान्स करते. म्हणजे डिकीत बॅग, सकाळी सिंहगड रोडला सिझेरियन, दुपारी हडपसरला हर्निया, रात्री कुठून फोन येईल सांगता येत नाही. छोट्या नर्सिंग होमचं जग मला आतून माहीत आहे, म्हणून लिहिते.

ट्यूब टाकणं हा या कामातला सगळ्यात दिसणारा भाग आहे आणि बऱ्याच पेशंटमध्ये सगळ्यात सोपाही. हाताला सवय झाली की येतो. ज्याला भूल देणं म्हणतात ते ट्यूबच्या आधी आणि नंतर असतं. एक उदाहरण घ्या. स्कोलीन हे ओटीतलं रोजचं औषध. पटकन स्नायू सैल पडतात, ट्यूब टाकता येते, थोड्या मिनिटांत उतरतं. हेच औषध, हाच डोस, काही दिवसांपूर्वी मोठ्या प्रमाणात भाजलेल्या किंवा पाय लुळे पडलेल्या पेशंटला दिलं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम वर जाऊन हृदय थांबू शकतं. दुसरं, कमरेतून दिलेली भूल. ऐंशीच्या आजोबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला अगदी नेहमीची. पण त्याच आजोबांची महाधमनीची झडप अरुंद झालेली असेल आणि ती कुणी ऐकली नसेल, तर रक्तवाहिन्या सैल पडून बीपी असं कोसळतं की हृदयालाच रक्त पुरत नाही. सुई टोचण्याचं कौशल्य दोन्ही वेळा सारखंच. फरक ऑपरेशनआधी फिटनेस बघताना छातीला स्टेथोस्कोप लावून "थांबा, आधी इको करा" म्हणण्यात आहे. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, सगळं शिकून मग तीन वर्षं भूलशास्त्र, ते यासाठी.

आता निखिल, तुमच्या चुलतभावाबद्दल. भूल दिल्यापासून पेशंट जागा होऊन रिकव्हरीत जाईपर्यंत भूलतज्ज्ञाने ओटीत हजर राहायचं असतं. सही करून निघून जाणं ही सोय नाही, गुन्ह्याची तयारी आहे. पात्रता आणि नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि पेशंट दगावला तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून घडलं तर कमाल दोन वर्षं. ती सवलत टेक्निशियनला नाही. म्हणजे ज्याला पगार कमी, त्याला शिक्षा जास्त.

मृण्मयी, तुझ्यासाठी यातला एवढाच भाग महत्त्वाचा: कुणी "तू कर गं, तुला येतंय की" म्हणालं तर ते कौतुक समजू नकोस. मी सांगितलेलं औषध माझ्यासमोर भरणं, लेबल लावणं, हातात देणं हे तुझं काम. मी खोलीत नसताना गॅसचा डायल फिरवणं हे नाही.

निखिल_वाकड

डॉक्टर, तुमचा मुद्दा कळला. भावाशी बोलतो. पण तुटवड्याचा प्रश्न राहतोच ना? तालुक्याच्या गावी रात्री अडलेल्या बाईला भूल द्यायला कुणी नसतं तेव्हा काय?

डॉ_भुलक्कड

राहतो, आणि खरा आहे. त्यासाठी सरकारने एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना तातडीच्या बाळंतपणापुरतं भूलशास्त्राचं छोटं प्रशिक्षण देण्याची योजना काढली होती. २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने दोन वर्षांचा डिप्लोमाही सुरू केला. पण दोन्हींचा पाया एमबीबीएसच. त्याखालच्या पायरीवरून भूल द्यायची वाट आपल्या देशाने उघडलेली नाही. नर्स अनेस्थेटिस्टही आपल्याकडे नाही.

आयुष_प्रेमी

बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) करून संज्ञाहरण, म्हणजे भूल देणं, हा विषय घेता येतो की. बनारस हिंदू विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे.

ओटी_नंबर_४

विषय आहे. पण तिथेही नीट द्यावी लागतेच, आणि आधुनिक औषधांनी भूल देण्याच्या अधिकारावरून जे रण माजतं ते या धाग्यावर नको. वेगळा धागा काढा, पॉपकॉर्न घेऊन येतो.

ह्यूस्टनचा_बंड्या

"परदेशात असतं" यावर लिहितो, कारण बायको इथे आयसीयूत नर्स आहे आणि सध्या घरात हाच विषय आहे.

अमेरिकेत डॉक्टर नसलेले दोन प्रकारचे लोक भूल देतात. पहिले नर्स अनेस्थेटिस्ट, सीआरएनए. त्यासाठी नर्सिंगची पदवी, रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स, किमान एक वर्ष आयसीयूचा अनुभव, आणि मग सुमारे तीन वर्षांचा कोर्स. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्यांना तो डॉक्टरेट पातळीचाच करावा लागतो. दुसरे अनेस्थेशिऑलॉजिस्ट असिस्टंट. त्यांना विज्ञानाची पदवी, मेडिकलला लागणारे पायाभूत विषय आणि दोन-अडीच वर्षांची मास्टर्स. ते नेहमी भूलतज्ज्ञाच्या हाताखाली काम करतात आणि सगळ्या राज्यांत त्यांना परवानगी नाही.

टेक्निशियन इथेही आहेत, त्यांची प्रमाणपत्र परीक्षाही आहे. पण टेक्निशियनवरून सरळ सीआरएनए होत नाही. आधी नर्स व्हावं लागतं. म्हणजे जिना इथे आहे, पण तो तुझ्या मजल्यावरून सुरू होत नाही. फी डॉलरमध्ये लाखाच्या घरात जाते, व्हिसाचं वेगळंच.

लीड्सहून_सायली

इंग्लंडचं थोडक्यात. आपल्या टेक्निशियनच्या जवळचं इथलं पद म्हणजे ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर. ते नोंदणीकृत आणि मानाचं आहे. त्यांना पुढे दोन वर्षं शिकून अनेस्थेशिया असोसिएट होता येतं, हे मृण्मयीच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातं. पण असोसिएट म्हणजे भूलतज्ज्ञ नव्हे, तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. शिवाय सध्या इथे त्यावरून केवढा वाद पेटलाय! २०२३ मध्ये भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या सभासदांनीच भरती थांबवा म्हणून मतदान केलं, डिसेंबर २०२४ पासून नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे आली, आणि २०२५ च्या सरकारी अहवालाने नावच बदला म्हणून सांगितलं. या गोंधळात भारतातून येऊन उडी मारू नये असं माझं मत.

मृण्मयी_हडपसर

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी संपवून सगळं वाचलं. वाईट वाटलं, पण एकदाचं कळलं ते बरं झालं.

मग दोनच गोष्टी उरतात. एक, पुन्हा नीट. दोन, याच कामात पुढे जाणं. २४ व्या वर्षी नीट देणं हा वेडेपणा आहे का? आणि याच कामात पुढे काही आहे का, की वीस वर्षं लीक टेस्टच करायची?

रिपीटर_लातूर

पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण मी तिथून आलेय. मीही ओटी टेक्निशियन होते, पुण्यातच. आता सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात सगळे मला ताई म्हणतात, प्रोफेसर सोडून.

वयाची वरची मर्यादा २०२२ मध्येच काढून टाकलीय. प्रयत्नांची मर्यादा नाही. बारावीला पीसीबीत खुल्या गटासाठी ५० टक्के, राखीवसाठी ४० लागतात. तिथे अडचण नसेल तर कागदोपत्री तू पात्र आहेस.

पण कागद आणि फिजिक्स यांत फरक असतो. ७२० पैकी बायोचे ३६०, आणि ओटीत काम केल्यामुळे त्यातलं शरीरक्रियाशास्त्र सोपं जाईल असं वाटतं. थोडंसं जातंही. मग वनस्पतिशास्त्र समोर येतं आणि तिथे ट्यूब टाकणं कामाला येत नाही. फिजिक्स तर बारावीनंतर पार धुऊन गेलेलं असतं. चुकलेल्या उत्तराला एक मार्क कापतात, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही.

नोकरी करत करत अभ्यास होईल असं सगळे म्हणतात. मी सुरुवातीला तेच केलं. रात्रपाळीनंतर पेठेतल्या अभ्यासिकेत जायचे, तिथे एमपीएससीवाले घोरणाऱ्या माझ्याकडे दयेने बघायचे. शेवटी पैसे साठवून नोकरी सोडली, तेव्हा कुठे मार्क हलले. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घेतली, महागडा क्लास लावला नाही. सरकारी सीट मिळाली तरच जायचं हे आधीच ठरवलेलं, कारण खासगी कॉलेजची फी आमच्या घरात बोलायचीही सोय नव्हती. तूही हे आधी ठरव. भावनेच्या भरात व्यवस्थापन कोट्याचा विचार केलास तर शेती जाईल.

आणि हिशेब डोळे उघडे ठेवून कर. २५ ला प्रवेश मिळाला तर एमबीबीएस होईपर्यंत तिशी ओलांडलेली. सरकारी कॉलेजचं एक वर्षाचं बंधपत्र. मग नीट पीजी, तीही पहिल्या फटक्यात निघेल असं नाही. मग तीन वर्षं. पस्तिशी-छत्तिशी धर. घरचे लग्नाचं विचारणार, तू काय सांगणार, हेही ठरव. मी 'बघू' सांगते.

कोथरूडची_काकू

पस्तिशी म्हणजे काय म्हातारपण का गं! आमच्या सोसायटीत चाळिशीला वकील झालेली आहे एक.

डॉ_भुलक्कड

रिपीटरचा प्रतिसाद सोन्याचा आहे. एक भर घालते. अनुभव प्रवेशाला मोजला जात नाही, पण नंतर वाया जात नाही. एमडीच्या पहिल्या वर्षी आम्ही बहुतेकजण मशीनला घाबरायचो. व्हेपोरायझर कुठला, सर्किट कसं जोडायचं, अलार्म का ओरडतोय, सगळं टेक्निशियन मामांनी शिकवलं. तू त्या टप्प्याला पोहोचलीस तर ते पहिलं वर्ष तुला हलकं जाईल. मात्र त्या एका वर्षाच्या सोयीसाठी दशक पणाला लावू नकोस. भूलशास्त्रच हवं आणि त्यासाठी आधी पाच-साडेपाच वर्षं बाकी सगळं शिकायची तयारी आहे का, हा प्रश्न स्वतःला विचार. आणि पीजीला रँकप्रमाणे दुसरीच शाखा मिळाली तर? त्वचारोग मिळाला म्हणून रडणारं कुणी मी पाहिलेलं नाही, पण तुला ओटीच हवी आहे.

ओटी_नंबर_४

दुसरा प्रश्न माझा.

लीक टेस्ट वीस वर्षं करावीच लागते, मीही आज सकाळी केली. पण कामाची उंची वाढते. साधी जनरल सर्जरीची ओटी आणि हृदयाची, मेंदूची, यकृत प्रत्यारोपणाची ओटी यांत जमीन-अस्मानाचा फरक. तिथे धमनीतली लाइन, ट्रान्सड्यूसर, फ्लुइड वॉर्मर, सेल सेव्हर, अवघड श्वासमार्गाची ट्रॉली हे सगळं तुझ्या भरवशावर असतं. पुण्यात अशी हॉस्पिटलं आहेत, तिकडे बदली माग. त्यासाठी डोकं फोडावं लागलं तरी चालेल.

हृदयाच्या ओटीत रमलीस तर परफ्युजनचा अभ्यासक्रम बघ. हार्ट-लंग मशीन चालवणारे ते. तिथे जबाबदारी खरी स्वतःची असते आणि पगारही वेगळा. एम.एस्सी. करून शिकवायला जाता येतं. मशीन कंपन्यांना ओटीतली माणसं लागतात, नवीन वर्कस्टेशन बसवलं की डॉक्टरांना ते शिकवायला आपलीच पोरं येतात. सौदीत अनेस्थेशिया टेक्नॉलॉजिस्ट अशी रीतसर नोंदणी आहे. कागदांची पडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा. माझ्या हाताखालचे काही तिकडे घर बांधण्याइतकं कमावून आले. पुण्यातल्या पगारात खोली, मेस, पेट्रोल भागतं. उरत नाही, हे तुला सांगायला नको.

आणि २०२१ चा केंद्राचा कायदा वाच, संलग्न आरोग्य व्यवसायांचा. त्याच्या अनुसूचीत अनेस्थेशिया असिस्टंट आणि टेक्नॉलॉजिस्ट हे आपलं नाव स्वतंत्र लिहिलेलं आहे. इतकी वर्षं आपण 'ओटीतला मुलगा' होतो. पदवी कुठली, किती तासांची, परिषदेकडे नोंदणी, हे आता विचारलं जाणार. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्यांची पंचाईत होईल, तुझी नाही.

सदाशिवपेठी_पाटी

काकूंच्या आज्ञेवरून टोमणा न मारता एक सूचना. त्या समुपदेशकाने काही लेखी दिलं असेल, माहितीपत्रकात छापलं असेल, तर जपून ठेव. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार ग्राहक संरक्षण कायद्याखाली करता येते. तुझी वर्षं परत मिळणार नाहीत, पण पुढच्या बापाला समोर बसवताना त्याची जीभ अडखळेल.

मृण्मयी_हडपसर

माहितीपत्रक आहे. त्यात "उज्ज्वल भविष्य" एवढंच छापलंय. बाकी सगळं तोंडी.

ठरवलंय असं: एकदा नीट द्यायची, एकदाच. सरकारी सीट नाही मिळाली तर विषय बंद आणि कार्डियाक ओटीकडे. बाबांशी काल फोनवर बोलले. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या सरांचा नंबर आहे का?" दिला नाही.

नोकरी कधी सोडायची ते कळत नाहीये. परीक्षा मे महिन्यात असते.

रिपीटर_लातूर

लगेच सोडू नकोस. आधी रात्रपाळ्या कमी करून माग आणि अकरावीचं फिजिक्स उघड. गतिशास्त्र आणि विद्युत हे दोन भाग महिनाभरात अंगवळणी पडतायत असं दिसलं तर राजीनामा लिही. नाही पडले तर नोकरीतच राहा, आणि ते वाईट नाही. सोडताना अनुभवाचं पत्र आणि इंटर्नशिपचं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घेऊन ठेव, परत यायची वेळ आली तर नंतर एचआर ओळख दाखवत नाही. माझ्या नोट्स आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

ओटी_नंबर_४

आणि लॉगबुकवर, म्हणजे केसेसच्या नोंदवहीवर, मॅडमच्या सह्या घे. सौदीला लागतात.